दुरुस्तीची लाल रेघ : इंग्रजीतील ‘सामान्य चुका’ आणि त्या सुधारणारे ग्रंथकार – एक चिकित्सा

प्रस्तावना

इंग्रजीतील सामान्य चुका सांगणाऱ्या पुस्तकांचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार गेल्या अडीचशे वर्षांत रूढ झाला आहे. या प्रकारातील पुस्तके संदर्भासाठी सतत वापरली जातात, परंतु त्यांची समीक्षा क्वचितच होते. व्याकरण किंवा शैलीग्रंथ हाती घेणारा वाचक त्यात नियम शोधतो, लेखक शोधत नाही. त्या नियमामागे एखादी व्यक्ती असते, तिचा काळ असतो, तिच्या आवडीनिवडी आणि तिची सामाजिक भीतीही असते, ही बाब त्यामुळे दुर्लक्षित राहते. महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नाही. उत्तरपत्रिकेवर ओढलेली लाल रेघ कोणत्या तरी दुरुस्तीकर्त्याच्या अधिकाराने ओढलेली असते आणि त्या रेघेची किंमत विद्यार्थी गुणांमध्ये मोजतो.

प्रस्तुत लेखात या दुरुस्तीकर्त्यांपैकी काहींच्या कार्याची चिकित्सा केली आहे. त्यासाठी निकष एकच ठेवला आहे. आपण सांगत असलेला नियम कोठून आला आणि आपण दाखवत असलेली चूक का होते, याची जाण त्या ग्रंथकाराला कितपत आहे? या निकषावर काही प्रतिष्ठित नावे उणी ठरतात, तर काही बदनाम नावांवर अन्याय झाल्याचे दिसते.

नियमांचा जन्म

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये, हा इंग्रजीतील सर्वांत प्रसिद्ध निषेध होय. त्याचा उगम व्याकरणात नसून साहित्यिक स्पर्धेत आहे. 1672 मध्ये जॉन ड्रायडन यांनी आपल्या पिढीची इंग्रजी मागील पिढीपेक्षा सुसंस्कृत आहे हे सिद्ध करण्यासाठी बेन जॉन्सन यांच्या लेखनातील दोष दाखवले. त्यांत हा एक दोष होता. तो दोष का, याचे कारण त्यांनी दिले नाही. लॅटिनमध्ये अशी रचना संभवत नाही, हे कारण पुढील लोकांनी पुरवले. आपल्याच पूर्वीच्या गद्यात हा ‘दोष’ असल्याचे ध्यानात आल्यावर ड्रायडन यांनी 1668 च्या नाट्यविषयक निबंधाची 1684 मध्ये नवी आवृत्ती काढताना अशी अनेक वाक्ये बदलली. एका मोठ्या गद्यकाराने स्वतःच्या नैसर्गिक वाक्यांना स्वतःच शिक्षा केली, असे हे उदाहरण आहे.

या परंपरेचा खलपुरुष म्हणून बहुधा रॉबर्ट लाउथ यांचे नाव घेतले जाते. 1762 मध्ये त्यांचे छोटे इंग्रजी व्याकरण लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. तेव्हा ते बिशप नव्हते. त्यांची कीर्ती होती ती ऑक्सफर्ड येथे हिब्रू काव्यावर दिलेल्या व्याख्यानांमुळे. पुढे ते लंडनचे बिशप झाले आणि त्या पदाचे वजन त्यांच्या व्याकरणाला मागाहून चिकटले. शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट, पोप यांच्या लेखनातील वाक्ये तळटीपांमध्ये ‘अशुद्ध’ म्हणून देण्याचे धारिष्ट्य त्यांनी दाखवले, हे खरे आहे. परंतु वाक्यान्ती प्रिपोझिशनवर त्यांनी बंदी घातली, हे म्हणणे खरे नाही. बोलण्यात आणि सहज लेखनात ही रचना रूढ आहे, गंभीर शैलीत मात्र प्रिपोझिशन आधी येणे अधिक डौलदार वाटते, एवढेच त्यांचे मत होते. गंमत म्हणजे ही रचना इंग्रजीच्या प्रकृतीत आहे हे सांगणारे त्यांचे वाक्य प्रिपोझिशननेच संपते. अशा विद्वानाच्या हातून हे अनवधानाने घडले असेल असे मानणे कठीण आहे. ‘टू बोल्डली गो’ यासारख्या, ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण येणाऱ्या रचनेचा निषेधही लाउथ यांच्या माथी मारला जातो. त्यांच्या व्याकरणात तो नाही.

लाउथ यांच्या एकच वर्ष आधी, 1761 मध्ये, जोसेफ प्रीस्टली यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले होते. ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते तेच हे प्रीस्टली. भाषेतील वादांचा निवाडा रूढीने व्हावा, ही त्यांची भूमिका आजच्या भाषावैज्ञानिकाला जवळची वाटेल. ती मागे पडली, याचे कारण बाजारपेठेत आहे. अठराव्या शतकातील व्यापारी आणि कारागीर वर्गातून वर चढू पाहणाऱ्या कुटुंबांना ‘लोक कसे बोलतात’ हे शिकायचे नव्हते. आपण कसे बोललो असता हसले जाणार नाही, हे त्यांना हवे होते. लिंडली मरे यांच्या 1795 च्या व्याकरणाने ही गरज भागवली. मरे हे मूळचे अमेरिकेतील वकील. इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाल्यावर तेथील मुलींच्या शाळेसाठी त्यांनी हे पुस्तक रचले. लाउथ यांच्या पसंती-नापसंती मरे यांच्याकडे पोहोचेपर्यंत आज्ञा झाल्या होत्या. 1797 मध्ये त्यांनी अभ्यासपुस्तक काढले. त्यात मुद्दाम चुकीची वाक्ये देऊन ती दुरुस्त करावयास सांगितलेली होती. आपल्याकडील स्पर्धापरीक्षांतील ‘स्पॉटिंग एरर्स’ हा प्रश्नप्रकार याच जातीचा आहे.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांचा भेद हा आणखी एक नमुना. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’च वापरावे, हा आज अनेकांना व्याकरणाचा मूलभूत नियम वाटतो. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर यांनी तो मांडला तेव्हा आपल्याला अमुक शब्द अधिक बरा वाटतो, अशा वैयक्तिक पसंतीच्या स्वरूपात मांडला होता. ‘मला बरे वाटते’पासून ‘हे चूक आहे’पर्यंतचा हा प्रवास दुरुस्तीच्या वाङ्मयात वारंवार घडलेला दिसतो.

डीन आणि त्यांचे टीकाकार

या वाङ्मयाचा स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो 1860 च्या दशकातील एका वादात. कँटरबरीचे डीन हेन्री ऑल्फर्ड हे ग्रीक नव्या कराराचे मान्यवर संपादक. 1863 मध्ये त्यांनी ‘गुड वर्ड्स’ या नियतकालिकात राणीच्या इंग्रजीविषयी लेखमाला लिहिली. तिचे 1864 मध्ये पुस्तक झाले. जॉर्ज वॉशिंग्टन मून या लंडनमध्ये जन्मलेल्या, अमेरिकन वंशाच्या गृहस्थांनी त्यावर डीनना उद्देशून पत्रे लिहिली आणि तीही पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुस्तकाचे नाव ‘द डीन्स इंग्लिश’. ऑल्फर्ड यांच्या पुस्तकाच्या ‘द क्वीन्स इंग्लिश’ या नावावर केलेली ही कोटी होती. राणीची इंग्रजी निराळी आणि डीनची निराळी, असा तिचा रोख.

मून यांची पद्धत साधी होती. डीनच्या वाक्यांतील सर्वनामे कोणत्या नामाकडे जातात हे संदिग्ध आहे, क्रियाविशेषणे चुकीच्या जागी पडली आहेत, असे दाखवत त्यांनी पानामागून पान ऑल्फर्ड यांच्याच गद्यावर खर्च केले. या टीकेतील काही भाग न्याय्य आहे. ऑल्फर्ड यांचे गद्य सैल आहे आणि इतरांना धडे देणाऱ्याने ते अधिक घट्ट लिहावयास हवे होते. तथापि मून यांना एका यशानंतर थांबता आले नाही. 1868 मध्ये त्यांनी स्वतः लिंडली मरे यांच्याच ‘वाईट इंग्रजी’वर पुस्तक काढले. ज्यांच्या व्याकरणावर दोन पिढ्या वाढल्या, त्यांनाच ते व्याकरण येत नव्हते, असा त्याचा आशय. हा आशय गांभीर्याने घेतला, तर एक प्रश्न उभा राहतो. लाउथ यांच्या मते शेक्सपिअर चुकतात आणि मून यांच्या मते मरे चुकतात, तर मग बरोबर कोण लिहिते? मून यांच्या मनाला हा प्रश्न शिवल्याचे दिसत नाही.

ऑल्फर्ड यांच्याकडे पाहता चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. अमेरिकन लोकांनी इंग्रजीचा ऱ्हास घडवला, अशी तुच्छतेची भाषा त्यांनी वापरली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना ती लिहिली गेली आणि भाषेच्या आडून राजकीय निवाडा केला गेला, हे त्या पुस्तकातील सर्वांत दुबळे पान म्हणावे लागेल. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्याची रचना इंग्रजी बोलणाऱ्यांना अपरिचित आहे, असेही त्यांनी सांगितले. वस्तुतः ती शतकानुशतके लिहिली जात होती. परंतु त्याच ऑल्फर्ड यांनी ‘इट इज मी’ या रचनेची पाठराखण केली. पोटव्याकरणकारांनी आणि हलक्या दर्जाच्या शिक्षकांनी कितीही निषेध केला, तरी इंग्रज स्त्री-पुरुष व मुले तसेच बोलत राहतात आणि बोलत राहतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. या ठिकाणी त्यांनी कान उघडे ठेवले. इतर ठिकाणी ते ठेवले नाहीत. म्हणजे एकाच ग्रंथात भाषेचा निरीक्षक आणि भाषेचा फौजदार एकत्र नांदतात आणि कोणत्या पानावर कोण बोलत आहे, हे वाचकाला कोणी सांगत नाही. या वाङ्मयप्रकाराचा हा मूलभूत दोष आहे.

‘इट इज आय’चा आग्रह धरण्याचा परिणाम काय झाला, हेही नोंदवणे आवश्यक आहे. ‘मी अँड जॉन’ म्हणू नये, ‘जॉन अँड आय’ म्हणावे, असे ज्याला लहानपणापासून टोकले गेले, तो मोठेपणी ‘बिट्वीन यू अँड आय’ म्हणू लागतो. व्याकरणाच्या कोणत्याही हिशेबाने तेथे ‘मी’ हवे. ही चूक अज्ञानातून येत नाही, ती दुरुस्तीतून येते. विल्यम लबोव्ह यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्क शहरातील भाषेच्या अभ्यासात अतिशुद्धतेची ही प्रवृत्ती कनिष्ठ मध्यमवर्गात सर्वाधिक आढळली. सर्वात वरच्या वर्गाला टोकले जाण्याची भीती नसते आणि सर्वात खालच्या वर्गाला त्या स्पर्धेत उतरण्याची आशा नसते. मधला वर्गच ‘चुका सुधारा’ पुस्तकांचा खरा ग्राहक होय.

फाउलर यांचे वेगळेपण

हेन्री फाउलर यांचा 1926 चा आधुनिक इंग्रजी प्रयोगांचा कोश हा या परंपरेतील श्रेष्ठ ग्रंथ मानला जातो आणि प्रस्तुत निकषावरही तो टिकतो. फाउलर शाळाशिक्षक होते. आपल्याला न पटणाऱ्या धार्मिक संस्कारासाठी मुलांना तयार करण्यास नकार देऊन त्यांनी नोकरी सोडली होती. हाच स्वभाव त्यांच्या लेखनात उतरला आहे. मरे यांच्या परंपरेतून आलेल्या अनेक निषेधांना त्यांनी सरळ अंधश्रद्धा म्हटले. वाक्यान्ती प्रिपोझिशन ही त्यांतील एक. ‘टू’नंतर क्रियाविशेषण येण्याच्या प्रश्नावर त्यांनी इंग्रजी भाषकांचे पाच वर्ग पाडले. ज्यांना हा दोष म्हणजे काय हे ठाऊकही नाही आणि पर्वाही नाही, ते सर्वांत सुखी. ज्यांना ठाऊक नाही पण पर्वा फार आहे, त्यांच्यावर फाउलर यांचा खरा रोष आहे. शिक्षकांच्या कक्षात या दुसऱ्या वर्गाची उपस्थिती किती असते, हे ज्याचे त्याने पाहावे.

फाउलर निर्दोष मात्र नाहीत. ‘दॅट’ आणि ‘विच’ यांची कामे वाटून द्यावीत, ही त्यांची सूचना होती. चांगले लेखक तसे करत नाहीत, याची त्यांना जाणीव होती आणि ती त्यांनी लपवली नाही. पण सूचनेचा नियम होण्यास वेळ लागत नाही. अमेरिकन संपादकांनी पुढे तिचा कायदा केला आणि आज संगणकातील व्याकरणतपासणी तो कायदा राबवते. क्रियावाचक नामापूर्वी षष्ठी हवीच, या त्यांच्या हट्टावर डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी 1920 च्या दशकात पुराव्यांची रास घातली. प्रत्यक्ष वापरातील उदाहरणे येस्पर्सन यांच्या बाजूने होती. फाउलर यांनी आपले मत सोडले नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा एका विद्वानाने इंग्रजीच्या श्रेष्ठ दुरुस्तीकर्त्याला इंग्रजीचेच दाखले देऊन निरुत्तर करावे, ही घटना भारतीय अध्यापकाने अवश्य ध्यानात ठेवावी अशी आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घडामोडींचा येथे केवळ उल्लेख पुरेसा आहे. 1961 मध्ये वेब्स्टरच्या बृहत्कोशाची तिसरी आवृत्ती फिलिप गोव्ह यांच्या संपादकत्वाखाली निघाली. तिने प्रयोगांवर शुद्धाशुद्धतेचे शिक्के मारण्यात हात आखडता घेतल्यामुळे वृत्तपत्रांतून संताप उसळला. त्याला उत्तर म्हणून 1969 चा अमेरिकन हेरिटेज कोश विवाद्य प्रयोगांवर लेखक-संपादकांच्या मंडळाची मते घेऊन अवतरला. ते मंडळ 2018 मध्ये बरखास्त झाले. 2003 मध्ये लिन ट्रस यांचे विरामचिन्हांवरील विनोदी पुस्तक प्रचंड खपले. 2004 मध्ये ‘न्यू यॉर्कर’मधील परीक्षणात लुई मेनंड यांनी त्याच पुस्तकातील विरामचिन्हांच्या चुका दाखवल्या. सुरुवात अर्पणपत्रिकेपासूनच केली. मून यांच्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी तोच खेळ पुन्हा रंगला. अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी 2001 मध्ये स्थापन झालेली संस्था तिच्या संस्थापकांनी 2019 मध्ये हार मानून बंद केली. पुढे इतरांनी ती पुन्हा सुरू केली.

मुंबई इलाख्यातील धागा

भारतीयांच्या इंग्रजीची दुरुस्ती हा या वाङ्मयाचा वेगळा अध्याय आहे. त्याची सुरुवात थट्टेने झाली. आर्नल्ड राइट यांचे ‘बाबू इंग्लिश’वरील पुस्तक 1891 चे. एफ. अँस्टी यांनी ‘पंच’ साप्ताहिकातून रंगवलेला बाबू जबरजी 1897 मध्ये पुस्तकात आला. कारकुनाची नोकरी मागणाऱ्या अर्जातील भाषेवर हसणे, हा साम्राज्याच्या करमणुकीचा भाग होता.

या पार्श्वभूमीवर मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतील जी. सी. व्हिटवर्थ यांचे 1907 चे ‘इंडियन इंग्लिश’ हे पुस्तक उठून दिसते. त्याच्या उपशीर्षकातच भारतीयांच्या लेखनातील वाक्प्रचाराच्या चुकांचे परीक्षण, असे म्हटले आहे. व्याकरणाच्या नव्हे, वाक्प्रचाराच्या. हा भेद महत्त्वाचा आहे. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही ‘इंग्रज असे म्हणत नाही’ या कारणाने ते चूक ठरू शकते, हे येथे गृहीत धरले आहे. इंग्रज काय म्हणतो हाच मापदंड असेल, तर भारतीय लेखक कायमचा उमेदवार राहतो. तरीही भारतीयांची वाक्ये हसण्याऐवजी तपासण्याच्या योग्यतेची मानणे, एवढे श्रेय व्हिटवर्थ यांना द्यावे लागेल.

मापदंडाचा हा वाद पुढे 1990 आणि 1991 मध्ये ‘इंग्लिश टुडे’ या नियतकालिकात रँडॉल्फ क्वर्क आणि ब्रज काचरू यांच्यात झडला. क्वर्क यांच्या मते परकीय विद्यार्थ्याला प्रमाण इंग्रजीपासून वंचित ठेवणे हा अन्याय. काचरू यांच्या मते भारतासारख्या देशात इंग्रजी परकीय राहिलेलीच नाही. काचरू यांचे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे, परंतु क्वर्क यांची चिंता झटकून टाकण्यासारखी नाही. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याची मुलाखत काचरू घेत नाहीत. मुंबईचे कवी आणि प्राध्यापक निस्सीम इझिकेल यांनी भारतीय इंग्रजीत रचलेल्या कवितांमधील अपूर्ण वर्तमानकाळाची खैरात ऐकून श्रोते हसतात. हसणारे श्रोते स्वतः इंग्रजी शिकलेले भारतीय असतात. लबोव्ह यांचा मधला वर्ग येथेही ओळखू येतो.

उत्तरपत्रिकेतील चूक

पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये, शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनात घडत असलेल्या भाषाव्यवस्थेचा पुरावा आहे, अशी मांडणी केली. लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये त्या व्यवस्थेला नाव दिले. दुरुस्तीच्या वाङ्मयाने या मांडणीची दखल जवळजवळ घेतलेली नाही. ‘सामान्य चुका’ या एकाच मथळ्याखाली ‘लेस’-‘फ्यूअर’सारखी वैयक्तिक पसंती, ‘प्रिपोन’सारखा उपयुक्त भारतीय शब्द आणि ‘वन ऑफ माय फ्रेंड’सारखी खरी चूक शेजारी शेजारी बसवलेली आढळते. तिघांनाही शिक्षा सारखीच.

मराठी भाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत खऱ्या चुकांची कारणे शोधणे अवघड नाही. ‘दो’ने सुरू झालेल्या वाक्यात तो पुढे ‘बट’ घालतो, कारण मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतो. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येते, कारण चर्चा ‘विषयी’ होते. आर्टिकलच्या बाबतीत मात्र मराठीत ती संकल्पनाच नाही, असे सांगून विषय संपवला जातो आणि तेथे मोठी संधी वाया जाते. ‘शेतकरी बैल शोधतो आहे’ आणि ‘शेतकरी बैलाला शोधतो आहे’ या दोन वाक्यांतील फरक कोणत्याही मराठी मुलाला कळतो. पहिला शेतकरी बाजारात असू शकतो, दुसऱ्याचा बैल हरवला आहे. ‘अ’ आणि ‘द’ यांतील भेदाशी नाते सांगणारी ही जाण विद्यार्थी घरून घेऊन येतो. चुकांच्या पुस्तकांत तिचा उल्लेख सापडत नाही, कारण ती पुस्तके मराठी जाणणाऱ्यासाठी लिहिलेलीच नसतात.

‘आय हॅव सेंट द लेटर यस्टरडे’ हे वाक्य घ्यावे. येथे लाल रेघ योग्यच आहे. इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ आणि ‘काल’ एकत्र नांदत नाहीत, मराठीत ‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे निर्दोष आहे. परंतु दुरुस्ती दोन प्रकारे होते. ‘हॅव’ खोडले तर पत्र काल गेले ही माहिती उरते. ‘यस्टरडे’ खोडले तर पत्र गेले आहे, आता काळजी नको, हे आश्वासन उरते. विद्यार्थ्याला यांपैकी काय म्हणायचे होते, हे त्यालाच विचारावे लागते. केंद्रीय मूल्यमापनाच्या टेबलावर, पुढच्या गठ्ठ्याची वाट पाहणाऱ्या परीक्षकापुढे, तो विद्यार्थी नसतो. बहुतेक वेळा खोडले जाते ते ‘हॅव’.